डबे करणाऱ्या बाईच्या मनगटाची भरपाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात सध्या रस्त्यावरच्या अपघातांच्या दोन क्लेमच्या, म्हणजे भरपाईच्या दाव्यांच्या, निकालांची चर्चा चालू आहे. दोघांचंही उजवं मनगट मोडलं होतं, दोघांनाही प्लेट बसवली. औषध कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाला चांगली रक्कम मिळाली. भंवरकुआच्या कोचिंगच्या मुलांना डबे पुरवणाऱ्या आमच्या शेजारणीला मात्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढीच. "तिचा वकील फुटला," असं लोक सरळ बोलून मोकळे होतात. मी निवृत्त होईपर्यंत क्लेमचं काम करणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे टायपिंग केलं. अर्ज, साक्षी, उलटतपासण्या सगळं हाताखालून गेलं आहे, म्हणून हे लिहिते.

रकमा वेगळ्या आल्या एवढ्यानं अन्याय झाला असं होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६८ व्या कलमात 'न्याय्य भरपाई' म्हटलं आहे, अमुक हाडाला अमुक पैसे असा दर त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे फार स्वच्छ सांगितलं. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का वेगळा आणि कमाईतली घट वेगळी. अधिकरणानं, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या न्यायालयानं, मोजायची ती घट.

या हिशेबानं आमच्या शेजारणीला जास्त मिळायला हवं होतं. तो मुलगा आज पुन्हा कामावर जातो. हिला पोळपाटावर लाटणं दाबता येत नाही, कणीक तिंबता येत नाही, भरलेला कुकर एका हातानं उतरवता येत नाही. मग कमी का मिळालं? अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं होतं म्हणून. डब्यांचा उल्लेख एका ओळीत, आणि पुरावा काहीच नाही. त्या मुलाकडे पगाराच्या पावत्या, रजेचा हिशेब, औषधांची बिलं, सगळं फायलीत लावलेलं होतं.

याचा परिणाम केवढा होतो ते आकड्यांतच बघा. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तिच्या निकालातले नाहीत. बाई ३८ वर्षांची, डब्यांतून खर्च वजा जाता महिन्याला १८,००० सुटतात. वर्षाचे झाले २,१६,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी पुढं कमाई वाढेल म्हणून ४० टक्के जादा धरायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. दुखापतीच्या दाव्यातही ही वाढ द्यावी, असं २०२० मध्ये पप्पू देव यादव निकालात म्हटलं आहे. मग ३,०२,४०० झाले. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा, १५ आहे, म्हणजे ४५,३६,०००. कमाईत ४० टक्के घट धरली तर १८,१४,४००. आता तीच बाई, तेच मनगट, पण पुरावा नाही म्हणून अंदाजे ८,००० उत्पन्न धरलं आणि साक्षीला डॉक्टर आले नाहीत म्हणून घट २० टक्केच मानली. हातात येतात ४,०३,२००. चौथा हिस्सासुद्धा नाही!

मला संताप येतो तो इथे. घट कमी झाली म्हणून रक्कम कमी आली असती तर मी काही बोलले नसते. इथे घट तेवढीच आहे, कमी पडले ते कागद. आणि कागद कमी पडतात ते नेमके ज्यांचा धंदा रोखीत, घरात, ओट्यापाशी चालतो त्यांचे. दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, पाळणाघर चालवणाऱ्या आपल्या कितीतरी जणी यात आल्या.

आणखीही कारणं असतात. दुचाकीवर मागं बसलेल्याला गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टी (गाडीबाहेरच्या तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरत्या) विम्यातून त्याच गाडीच्या विमा कंपनीकडून सहसा काही मिळत नाही, पॅकेज पॉलिसी, म्हणजे सर्वसमावेशक विमा, असेल तर मिळतं. दोष दोघांचा ठरला की त्या प्रमाणात कापतात. लोकअदालतीत आकडा मान्य करून सही केली की पुढं अपील नाही; निकड असते म्हणून लोक करतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

अपघात झालेल्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. डब्याचे पैसे मुलं फोनवरून पाठवतात, त्या बँक खात्याचा उतारा काढा. किराणा आणि गॅसच्या पावत्या, गिऱ्हाइकांची वही जपून ठेवा. दोन-चार मुलांना साक्षीला तयार करा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अधिकरणापुढे बोलावण्याचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा, आणि त्यांना हेही विचारायला लावा की ही बाई आता नेमकं कोणतं काम करू शकत नाही. वकिलांच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

वकील मंडळींनाही विनंती आहे. अशील पदर सावरत "मी घरीच असते हो" म्हणाली तरी तिथं थांबू नका. किती जणांचे डबे, महिन्याला किती, मदतीला कोण, हे विचारून मगच रकाना भरा. निव्वळ घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या कीर्ती निकालातही मानलं आहे. पण जी कमावते तिची कमाई तरी अर्जात यायला हवी.

आमच्या शेजारणीनं तडजोडीवर सही केलेली नाही. निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपील करता येतं आणि त्यातले बरेच दिवस अजून शिल्लक आहेत. तिच्या खात्याचा उतारा आम्ही या सोमवारी काढतो आहोत. तिच्याकडे जेवलेली मुलं आता कुठंकुठं नोकरीला लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या आईवडिलांच्या वाचनात हे पत्र आलं, तर मुलाला एवढं सांगावं की काकूंना फोन कर.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका,
सुदामा नगर, इंदूर