‘किंग लिअर’ वाचणाऱ्या लेकीस

देवगड

चि. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला अभ्यासाला शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ लागले असून त्याचा पहिला अंक तू संपवलास, हे कळून फार आनंद झाला. म्हातारा राजा लिअर मूर्ख आहे, त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया विनाकारण हट्टी आहे आणि ती दोन गोड शब्द बोलली असती तर सारे तिथेच मिटले असते, असे तू लिहितेस. पहिल्या वाचनात असे वाटणे स्वाभाविक आहे, तरी हे मत पक्के करून पुढे जाऊ नकोस.

हयातीतच वाटण्या करून देणारे वडील आपल्या कोकणात तू पाहिले आहेस. जमीन, कलमे आणि घर मुलांच्या नावावर केले तरी घरातला मान आपलाच राहील, असा त्यांचा भरवसा असतो. लिअरही मुलींना राज्य देऊन राजा हे नाव आणि शंभर सरदार तेवढे स्वतःकडे ठेवतो. त्याने राज्य वाटले यात मला फारसे वावगे दिसत नाही. ज्या मापाने वाटले ते माप मात्र भयंकर होते. जी अधिक प्रेम बोलून दाखवील तिला मोठा वाटा, असे ठरवून प्रेम मोजता येते हे त्यानेच मुलींना शिकवले.

म्हणून दुसऱ्या अंकाचा शेवट सावकाश वाच. थोरल्या गॉनरिलने त्याच्या शंभर सरदारांचे पन्नास केलेले असतात आणि मधली रीगन पंचविसांवर येते, तेव्हा लिअर गॉनरिलकडे वळून म्हणतो की तुझे पन्नास हे पंचविसांच्या दुप्पट, म्हणजे तुझे प्रेमही हिच्या दुप्पट. एवढा अपमान सोसतानाही तो आकडेच मांडतो आहे, आणि मला तर साऱ्या नाटकात याहून करुण बोलणे दुसरे वाटत नाही. पुढे दहा, पाच आणि शेवटी ‘एक तरी कशाला?’ इथवर मुली त्याला आणतात. त्यानंतर मागे जाऊन, मोठ्या वाट्यासाठी तू काय बोलशील या लिअरच्या प्रश्नाला कॉर्डेलियाने दिलेले ‘काही नाही’ हे उत्तर पुन्हा वाच. तिने मोजमापालाच नकार दिला होता, असे मला वाटते. चौथ्या अंकात माझा राग करायला तुला कारण आहे असे लिअर म्हणतो, तेव्हाही ती ‘काही कारण नाही’ एवढेच म्हणते.

मधल्या अंकात लिअर वादळात उघड्यावर सापडतो, तेव्हा ज्यांना छप्पर नाही अशा गरिबांची त्याला आठवण होते आणि यांची काळजी आपण फार थोडी घेतली, असे तो कबूल करतो. पावसाळी वारा कौलांचे काय करतो हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. या राजाला ते ऐंशी उलटल्यावर कळते.

शेवट सोसवत नाही. नेहम टेट या कवीने १६८१ मध्ये तो बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले आणि पुढे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर तेच रूप चालले. तू मात्र मूळ शेवटच वाच आणि पाचवा अंक एका बैठकीत संपव. इंग्रजी अडले तर विंदा करंदीकरांचा १९७४ चा ‘राजा लिअर’ हा अनुवाद शेजारी असू दे. विंदा आपल्याच तालुक्यातल्या धालवलीचे. प्रस्तावना सर्वांत शेवटी वाचावी. मग कॉर्डेलियाविषयी तुझे मत काय झाले ते सविस्तर कळव. ते बदलले नसेल तर त्याची कारणेही लिही.

तुझी,
आई