विमान उडवायला शिकवता, उतरवायलाही शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांच्या एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी उडती विमानं बनवण्याच्या, कार्यशाळेचं सचित्र वृत्त गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचलं. रिमोट हातात घेऊन मान वर करून बघणाऱ्या मुलांचा तो फोटो मी कापून ठेवला आहे. पंख कशाचे, मोटर कोणती, बॅटरी किती वेळ पुरते, हे सगळं त्या वृत्तात होतं. विमान खाली कशावर उतरलं, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी आयटीआयमध्ये शीट मेटल ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. आता निवृत्त आहे. मिरजेत माझ्या घराच्या ओट्यावर आसपासची मुलं त्यांची मोडकी विमानं घेऊन येतात. पंख मोडलेलं विमान त्यात क्वचित असतं. बहुतेकांचा पुढचा पाय मागे दुमडलेला असतो, फायरवॉल, म्हणजे नाकातली मोटर बसवायची फळी, सुटलेली असते, पोटाखालचा फोम किंवा बाल्साचं हलकं लाकूड उपसून आलेलं असतं. म्हणजे हवेत सगळं ठीक होतं. मोडतोड झाली ती जमिनीला टेकल्यानंतरच्या चार-दोन मीटरांत. असं एक-दोनदा झालं की विमान माळ्यावर जातं आणि घरचे म्हणतात, एवढे पैसे मातीत गेले. मूलही परत त्या वाटेला जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात मुलाच्या हाताचा दोष फार कमी असतो.

बाजारात मिळणारी तयार ट्रेनर, म्हणजे शिकाऊ, विमानं बहुतेक तीन पायांची असतात. एक चाक नाकाखाली, दोन पंखाखाली. डांबरी पट्टी किंवा नीट कातरलेली हिरवळ असेल तर ही रचना उत्तम. पुढचं चाक रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या दिशा बदलणाऱ्या उभ्या पात्याच्या, सर्व्होला (ते पातं फिरवणाऱ्या छोट्या मोटरला) जोडलेलं असल्यामुळे नवशिक्यालाही जमिनीवर विमान वळवता येतं. पण आपली मैदानं तशी कुठे आहेत? दिवाळीनंतर गवत वाळून त्याचे ठोंब उरतात. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळेच्या पटांगणात मुरमाबरोबर खडी वर आलेली असते. विमान ताशी तीसेक किलोमीटर वेगानं टेकतं, ५५ मिलिमीटरचं पुढचं चाक ठोंबात अडकतं आणि सगळा धक्का त्या चाकाच्या तारेच्या एका पायावर येतो. तार मागे वाकते, नायलॉनचं ब्रॅकेट फायरवॉलमधून स्क्रू उपटून काढतं, सर्व्होचे दात जातात, प्रॉपेलर मातीत रुततो.

माझं सांगणं असं की अशा जमिनीवर विमान नेण्यापूर्वीच पुढचं चाक काढावं आणि मॉडेल शेपटीच्या चाकाचं, म्हणजे टेल ड्रॅगर, करून घ्यावं. यात माझं स्वतःचं नवीन काही नाही. भारतात आराखडा होऊन उत्पादनात आलेलं पहिलं शिकाऊ विमान, एचटी-२, याच बांधणीचं होतं. ते १९५१ साली प्रथम उडालं. त्याच्या रचनेची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. ते आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्या विमानावर गिरवले. मुलांना मी हे आवर्जून सांगतो. त्यांना घाटग्यांचं नाव माहीत नसतं, ते माहीत व्हायला हवं.

पुढचं चाक काढलं आणि शेपटीला एक लावलं की काम झालं, असं मुलांना वाटतं. तसं नाही. तीन पायांच्या विमानात मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, किंचित मागे असतात, म्हणून ते नाकावर टेकून उभं राहतं. तेच पाय तिथेच ठेवून पुढचं चाक काढलं तर विमान तोंडावर पडणारच. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे न्यावी लागतात. किती पुढे, ते ओळंब्यानं काढता येतं. विमान उड्डाणात असतं तसं आडवं, सपाट धरा. गुरुत्वमध्यापासून ओळंबा सोडा. आता त्याच बिंदूपासून चाक जमिनीला टेकतं तिथपर्यंत दुसरी रेघ धरा. या दोहोंमधला कोन १५ ते २० अंशांचा हवा. नेहमीच्या ट्रेनरमध्ये चाकाचा आस मग साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली येतो. कोन कमी पडला तर गवताच्या अडवणुकीनं विमान नाकावर उलटतं. फार जास्त झाला तर टेकताक्षणी शेपूट खाली आपटते, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान उडी घेतं. पुढचा पाय निघाल्यानं नाक हलकं होतं, हेही विसरू नये. बॅटरी पुढे सरकवून, पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटांनी उचलून तोल पुन्हा पाहावा, मगच उडवावं.

पायांसाठी दोन वस्तू चालतात: पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगसारखी पोलादी तार, किंवा ड्युरालची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कठीण मिश्रधातूची, पट्टी. दीड किलोपर्यंतच्या मॉडेलला मी ३ मिलिमीटरची तार घेतो, अडीच-तीन किलोला ४ मिलिमीटरची. फरक दिसायला एका मिलिमीटरचा असला तरी तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे ४ मिलिमीटरची तार तिपटीहून जास्त ताठ. म्हणून उगाच जाड तार घालू नये. जी तार वाकत नाही ती धक्का पोटात पोचवते. तार व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवावी. तापवली की तिचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंगसारखी परत येत नाही. कोपरा काटकोनात मोडू नये, गोलाई ठेवावी.

ड्युरालच्या पट्टीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा माझा धंदा. दुकानांच्या पाट्यांचा ॲल्युमिनियम पत्रा मुलं कापून आणतात. तो मऊ असतो. पहिल्याच उतरणीत पाय फाकतात आणि तसेच राहतात. कठीण मिश्रधातूचा पत्रा घ्यावा. पत्र्यावर लाटल्याच्या बारीक रेघा तिरक्या उजेडात दिसतात. वाकवण्याची ओळ त्या रेघांना आडवी, काटकोनात यायला हवी. रेघांच्या दिशेनं वाकवला तर पत्रा तिथेच चिरतो. ओळ आखायची तीही पेन्सिलीनं, स्क्रायबरनं, म्हणजे टोकदार पोलादी सुईनं, नव्हे, कारण स्क्रायबरचा ओरखडा म्हणजे पुढे पडणाऱ्या भेगेची सुरुवात. वाकाची गोलाई पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवावी आणि कडा कानशीनं, मग पॉलिश पेपरनं गुळगुळीत कराव्यात. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगत आलो. सोळा वर्षांच्या मुलाला ते कळतं तर बारा वर्षांच्यालाही कळतं, फक्त हातात पत्रा द्यावा लागतो.

हे पाय फोमला किंवा बाल्साला थेट चिकटवू नयेत. पोटात ३ मिलिमीटरची प्लायची पट्टी दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकेल अशी इपॉक्सीनं बसवावी आणि पाय तिच्यावर नायलॉनच्या बोल्टांनी आवळावेत. स्टीलचे बोल्ट नकोत. फार जोराचा धक्का बसला तर नायलॉनचा बोल्ट तुटतो, पाय सुटून मागे जातात आणि पोट शाबूत राहतं. घरातल्या फ्यूजचं काम तो करतो. नवा बोल्ट किरकोळ पैशांत येतो आणि मैदानावरच लावता येतो. चाकं ७५ ते ८० मिलिमीटरची, हलक्या फोमची घ्यावीत. मोठं चाक ठोंबावरून, भेगेवरून पार होतं आणि प्रॉपेलरही जमिनीपासून उंच राहतो. शेपटीच्या चाकाला सायकलच्या स्पोकचा तुकडा पुरतो.

शेपटीच्या चाकालाही खोड आहे, ती लपवू नये. धावताना विमान जरा तिरपं झालं की मागचं वजन त्याला आणखी फिरवतं, आणि शिकाऊ मुलाचा रडरवरचा हात जड असेल तर ते जागच्या जागी गिरकी घेतं. दोन पायांमधलं अंतर पंखांच्या लांबीच्या साधारण पाव भागाइतकं ठेवलं, शेपटीचं चाक रडरला जोडलं आणि उतरल्यावर एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पात्याची, काठी मागे ओढून ठेवायची सवय लावली, तर हे पुष्कळ आवरतं. काही जण म्हणतात, चाकंच नकोत, हातानं फेका आणि पोटावर उतरवा. हलक्या फोमच्या ग्लायडरला ते ठीक आहे. पण धावपट्टीवरून वेग घेत विमान जमीन सोडतं, ते बघण्याचा आणि आपल्या हातानं करण्याचा आनंद मुलांकडून का काढून घ्यायचा?

आता मागणी. कार्यशाळा भरवणाऱ्यांनी एक पूर्ण सत्र लँडिंग गिअरला, म्हणजे विमानाच्या पायांना आणि चाकांना, द्यावं. मुलांनी त्या सत्रात तार स्वतः वाकवावी, ओळंबा धरावा, बोल्ट मुद्दाम तोडून पुन्हा लावावा. दुसरं, ज्या शाळा-महाविद्यालयांकडे मैदान आहे त्यांनी साधारण ४० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पट्टा पूर्व-पश्चिम कापून ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि हिवाळ्यात बहुधा पूर्वेचा, म्हणून ही दिशा. क्रिकेटच्या खेळपट्टीचा रोलर बहुतेक ठिकाणी असतोच, तो आठवड्यातून एकदा या पट्ट्यावर फिरवायला हरकत नसावी. त्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, क्षेत्रात आहे का, हे पाहून घ्यावं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, त्याच्या स्पर्धाही होतात. जवळच्या शाळांसाठी त्यांचे प्रशिक्षक एखादा रविवार देऊ शकतील, अशी माझी विनंती आहे.

आपल्या प्रतिनिधींनाही एक सांगणं. पुढच्या कार्यशाळेला गेलात तर उतरलेल्या विमानाचा फोटो जवळून घ्या आणि त्याच्या पायांबद्दल मुलांना विचारा. मिरज-सांगली परिसरातल्या कुठल्याही शाळेनं बोलावलं तर मी विनामूल्य येईन. व्हाइस, कानस आणि तार माझी असेल. शाळेनं एक भक्कम टेबल आणि मुलं द्यावीत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, मिरज