रिपोर्ट नॉर्मल, मग छातीत दुखतंय काय?

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले सगळे कागद नीट पाहिले. ईसीजी, काही तासांच्या अंतराने दोनदा केलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), टू-डी एको आणि परवाची ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. सगळीकडे 'नॉर्मल', आणि वर 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला. तू चिडलायस ते रास्तच आहे. 'हृदयाचं नाही' हे अर्धंच उत्तर झालं. मग कशाचं आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आधी या 'नॉर्मल'ची किंमत बघू. ईसीजी ही जेमतेम दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत दुखत नसेल, तर ती साफ येऊ शकते. ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून ते दोनदा बघतात. तुझं दोनदा बघितलं, ते बरं झालं. एको पंपाचं काम दाखवतो, हृदयाच्या धमन्यांत काय साचलंय ते नाही. आणि ट्रेडमिलवरची चाचणी धमनीतला अडथळा असलेल्या दहा जणांपैकी साधारण तिघांना चुकून पास करते. पण तू नऊ मिनिटांच्या वर चाललास, १० मेट्स (म्हणजे स्वस्थ बसल्यापेक्षा दहापट श्रम) ओलांडलेस, छातीत काही झालं नाही आणि ईसीजीही हलला नाही. वर शुगर नाही, सिगारेट नाही. हे सगळं एकत्र धरलं की तुझ्या बाबतीत 'नॉर्मल' बऱ्यापैकी भरवशाचं आहे. तेव्हा कुठल्या सवलतीच्या पॅकेजमधली सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) आपल्या मनाने करून येऊ नकोस. ती लागलीच, तर डॉक्टर कारण देऊन सांगतील.

आता मुद्द्याचं. तुझा मेसेज मी दोनदा वाचला. 'कधी इथे टोचतं, कधी मधोमध जळतं, कुशीवर वळलो की कळ येते, रात्री उठून बसावं लागतं.' बाळ्या, हे एक दुखणं नाहीच. दोन आहेत, आणि तू ती एका दमात सांगतोस. ओपीडीतल्या पाच मिनिटांत असं ऐकलं की ऐकणाऱ्यालाही काही सुचत नाही. म्हणून आधी ती सुटी करू.

पहिलं, टोचणारं. गळ्याखाली जो खळगा लागतो, तिथे बोट ठेव आणि छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकव. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी फासळी जोडलेली असते. तिथून डावीकडे हाडाच्या कडेकडेने एकेक फासळी मोजत खाली ये आणि प्रत्येक सांध्यावर एका बोटाने नीट दाब दे. नखाचा रंग पांढरा पडेल इतपत दाब हवा, नुसतं चाचपून कळत नाही. मग तेच उजवीकडे कर. डावीकडच्या तिसऱ्या-चौथ्या सांध्यावर दाबल्यावर 'हेच, अगदी हेच' असं झालं, तर तो कॉस्टोकाँड्रायटिस, म्हणजे फासळीची कूर्चा (टोकाचं लवचीक मऊ हाड) छातीच्या हाडाला मिळते तिथला दाह. नुसतं 'दाबल्यावर दुखतंय' एवढ्यावर जाऊ नकोस. जोर लावला की कुणालाही दुखतं. तुझं नेहमीचं दुखणं तसंच्या तसं उमटलं पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेव की दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय आपोआप निर्दोष सुटत नाही. तुझ्या चाचण्या आधी झाल्यात, म्हणून या खुणेला वजन आहे.

तिथे डोळ्यांना दिसेल असा फुगवटा असेल, तर तो टीट्झेचा आजार. १९२१ साली टीट्झे या जर्मन शल्यविशारदाने त्याचं वर्णन केलं. तो विरळा, आणि बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या फासळीशी.

कारण लांब शोधायला नको. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो आणि तू तो जिन्याने वर नेलास, हे तूच लिहिलंयस. त्याआधी पंधरा दिवस खोकला. दिवसभर खांदे पुढे काढून लॅपटॉपवर. याला उपाय कंटाळवाणे आहेत: दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं शेक, दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅक जेल, गरजेपुरती पॅरासिटामोल आणि महिनाभर जड उचलणं, जोर-बैठका बंद. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरातून टेकून एक पाऊल पुढे टाकायचं, छाती ताणली जाईल इतकंच. तीस सेकंद धरायचं, तीन-चार वेळा. कळ आली तर थांब. आणि दर अर्ध्या तासाने 'अजून दुखतंय का' म्हणून दाबून बघू नकोस. रोज कुरवाळलेली कूर्चा बरी होत नाही. हे दुखणं काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळतं. रेंगाळलं म्हणजे बिघडलं असं नव्हे.

आता दुसरं, जळणारं. मधोमध, जेवणानंतर, वाकलं की, आडवं झालं की. हे पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचं वर्णन आहे. अन्ननलिका हृदयाच्या पाठीशी चिकटून जाते आणि दोघांच्या वेदना मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात, म्हणून फसगत होते. आपल्याकडे ही फसगत दोन्ही बाजूंनी चालते. हार्ट अटॅकला 'गॅस' म्हणून ओवा-सोडा देतात, आणि खऱ्या ॲसिडिटीला हार्ट समजून खिशातली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी) जिभेखाली ठेवतात. तिने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच, हा हिशेबही खोटा. ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते. उगाच घेतली तर बीपी उतरून माणूस बाथरूममध्ये पडतो, ते वेगळंच. शेजारच्या काकांनी दिलेली सॉर्बिट्रेटची पट्टी परत करून टाक.

गंमत अशी की सिलिंडरच्या दुखण्यासाठी तू तीन आठवडे आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतोयस, दिवसातून दोनदा, कधी रिकाम्या पोटी. त्यानेच जळजळ वाढली, असा माझा दाट संशय आहे. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला खतपाणी घालतंय. ती गोळी आजपासून बंद.

ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेऊनही उपयोग नाही, असं तू म्हणतोस. कशी घेतोस ते वाचलं आणि कोडं सुटलं. सकाळी चहाबरोबर गोळी, आणि मग थेट दुपारी दीडला डबा. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण चालू असलेलेच पंप तिच्या तावडीत सापडतात, आणि ते चालू होतात जेवणाने. म्हणून ४० मिलिग्रॅमची गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, चावून नाही, कुटून नाही, आणि त्यानंतर अर्ध्या ते एक तासात पोटभर नाश्ता. पोहे, भाकरी, काहीही, पण खरंखुरं खाणं. नुसत्या चहावर गोळी वाया जाते. पहिल्याच दिवशी गुण येत नाही, पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. मधल्या काळात जळलं तर पातळ अँटासिड घे. डॉक्टरांना विचारून आठ आठवडे हे रोज, न चुकवता करून बघ. दुखेल तेव्हा एक, असं नाही.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेव. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा ते आठ इंच उचल. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही. त्याने पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. डाव्या कुशीवर झोप. पोटाचा घेर दोन-तीन इंच उतरला तर अर्धं काम होईल, पण ते तुला वहिनींनी आधीच सांगितलेलं असणार. आणखी एक. पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं की मुंबईत लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) बचावासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ती कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं की अन्ननलिकेत अडकून तिथेच भाजते, आणि छातीत मधोमध असं दुखतं की माणूस घाबरून जातो. पूर्ण ग्लासभर पाणी आणि नंतर अर्धा तास उभं किंवा बसून. घास अडकायला लागला, वजन उतरलं, काळी शौच झाली, तर वाट न बघता एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठर बघणं). ती साफ निघूनही दुखत राहिलं, तर अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि २४ तासांची आम्ल-नोंद असते. त्या पुढच्या पायऱ्या.

बाकीची कारणं तुला फारशी लागू नाहीत, पण माहीत असू देत. पित्ताशयातला खडा तेलकट जेवणानंतर पोटात वर उजवीकडे, कधी छातीच्या खालच्या भागात कळ देतो. सोनोग्राफीत तो दिसतो. मानेतली दबलेली नस छातीत नि हातात चमक पाठवते, मान वळवली की वाढते. तुझ्या मुलाला बसल्याजागी सुई टोचल्यासारखं होतं, श्वास घेतला की जास्त, आणि एक-दोन मिनिटांत गायब, ते प्रिकॉर्डियल कॅच. त्याच्या वयात ते नेहमीचं, निरुपद्रवी. त्याचा ईसीजी काढत बसू नकोस. पॅनिकचा झटका दहा मिनिटांत टोकाला जातो, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. ते नाटक नसतं, वेदना खरीच असते, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

एक गोष्ट मात्र खास वहिनींसाठी लिहितो. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या स्वच्छ दिसल्या तरी हृदयाच्या बारीक वाहिन्या दगा देऊ शकतात. त्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात (अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), आणि तो बायकांत जास्त. धमनी आकसण्याचा प्रकार वेगळा. प्रिन्झमेटल या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने तो १९५९ मध्ये मांडला. तो विश्रांतीत, बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येतो. चालताना छाती दाबून येते आणि थांबल्यावर उतरते असं बाई सांगत असेल, तर 'सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका' म्हणून फाईल मिटवायची नसते. आधी हिमोग्लोबिन बघायचं, थायरॉइड बघायचं, आणि मग याचा विचार करायचा.

आणि या रिपोर्टांची ढाल करू नकोस. छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटलं, दहा-पंधरा मिनिटांत उतरलं नाही, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, धाप, चक्कर, यांतलं काही सोबत असलं, तर थेट १०८. स्कूटर काढायची नाही. छातीतून पाठीकडे फाटत गेल्यासारखं अचानक झालं, किंवा लांबच्या प्रवासानंतर एक पोटरी सुजून धाप लागली, तरीही तेच. या दोन्हींत ईसीजी नॉर्मल असू शकतो.

आता काम. दोन आठवडे वहीत लिही. कधी दुखलं, किती मिनिटं, आधी काय केलं किंवा खाल्लं, बोटाने दाखवता येतं की तळहाताने, श्वासाने वाढतं का, कशाने थांबलं. टोचणारं निळ्या शाईने, जळणारं लाल. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर वही ठेव आणि एवढंच विचार, 'हृदयाचं नसेल, तर तुमच्या मते पहिला संशय कशाचा?' काय म्हणतात ते कळव.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझाच,
सख्या

ता. क. एक राहिलंच. आज आंघोळीआधी पाठीला आरसा धर. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, कपडा लागला तरी सहन होत नसेल, तर ती नागीण असू शकते. दुखणं आधी येतं आणि पुरळ दोन-चार दिवसांनी, त्यामुळे मधल्या काळात सगळे रिपोर्ट नॉर्मलच येतात. फोड दिसले की ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. तोंडाला शेपटी मिळाली की माणूस दगावतो, हे खोटं. ती एका नसेच्या वाटेने जाते आणि शरीराच्या मध्यरेषेशी थांबते. गेरूचा लेप लावत बसू नकोस.