तिसरी बाटली न देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

राजापूरच्या बाजारात तुमचं औषधांचं दुकान आहे. पत्रात तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. शाळेतल्या बाई म्हटलं की तुम्ही मला ओळखाल. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी तुमच्या काउंटरवर पैसे ठेवले आणि नाकात घालायचे थेंब मागितले. तुम्ही पैसे परत सरकवलेत. "बाई, ह्या महिन्यातली ही तिसरी बाटली. ती मी देणार नाही."

मला राग आला होता. दुसऱ्या दुकानातून घेईन, असं म्हणून मी पायरी उतरलेसुद्धा. तुम्ही बाहेर आलात, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, आणि विचारलंत, "रात्री झोपताना छातीत घरघर होते का?" कुणीतरी पहिल्यांदाच माझं नाक सोडून माझ्या छातीची चौकशी केली होती. नाकाची ॲलर्जी आणि दमा यांचं जवळचं नातं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मागचं थोडं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. आमचं घर सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळाच्या, कडेला. पावसाळ्यात जांभ्यावरच्या पातळ मातीतही गवत कमरेपर्यंत वाढतं, आणि भाद्रपद सरता सरता त्याला तुरे येतात. त्या दिवसांत मला पहाटेपासून शिंका. एकामागून एक वीस-वीस. डोळे चोळून चोळून लाल, टाळूला आतून खाज, नाकातून पाणी. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी नाक पुसायची. घरात दोन गाई, त्यामुळे दिवाळीच्या आसपास गवत कापणं, भारे आणणं, उडवी रचणं हे चुकत नाही. त्या दिवसांत रात्री नाक पार बंद. दसऱ्याला कुणीतरी थेंब सुचवले. दोन थेंबांत नाक मोकळं झालं. मला वाटलं, सुटले.

खरी फसगत तिथून पुढे झाली. गवत कापून झालं, सडा पिवळा पडला, डिसेंबर उलटला, तरी नाक बंदच. जानेवारीत आंब्याला मोहोर आला आणि सासूबाई म्हणाल्या, "मोहराखाली जाव नको गो, तोच लागतोय तुला." मलाही ते पटलं. आमच्या खिडकीवर हापूसच्या कलमाची एक जाड फांदी आलेली होती, मोहोरानं भरलेली. ती आम्ही तोडली. अजून त्या जागेकडे बघवत नाही.

तुम्ही मला बाकावर बसवून समजावलंत. ह्या थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून नाक मोकळं होतं. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर असर उतरताच आतली सूज आधीपेक्षा वाढते, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. म्हणजे गवताचा त्रास केव्हाच सरला होता आणि माझं नाक बाटलीनंच बंद ठेवलं होतं. आंब्याच्या कलमाचा काही दोष नव्हता. आंब्याचे पराग चिकट असतात, मुख्यतः माश्या-किड्यांच्या अंगाला लागून जातात. गवताचे पराग मात्र वारा मैलोगणती नेतो. हे मी मुलांना दर वर्षी शिकवते, पण स्वतःच्या नाकाशी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे रत्नागिरीला जा, असं तुम्ही सांगितलंत आणि वर एक गोष्ट बजावलीत: "कातडीवरची चाचणी करतील. ॲलर्जीची गोळी चालू असेल तर चाचणी चुकते. काही दिवस आधी बंद करावी लागते, फोन करून किती ते विचारून घ्या." नाही तर माझी एसटीची एक खेप आणि शाळेची एक रजा फुकट गेली असती. चाचणी साधीच. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब, प्रत्येकात सुईची बारीक टोचणी, मग पंधरा-वीस मिनिटं वाट. गवतांच्या दोन थेंबांखाली डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. घरातल्या धुळीतल्या अगदी बारीक किड्यांचीही एक उठली. आपल्या दमट हवेत ते गाद्या-उशांमध्ये आरामात राहतात.

थेंब सोडणं सोपं गेलं नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगितले, मग दुसरीतले. त्या रात्री मी पडवीत आरामखुर्चीत बसून काढल्या. चौथ्या दिवशी तुमच्याकडे येऊन म्हटलं, स्प्रेचा काही उपयोग नाही. तुम्ही म्हणालात, हा थेंबांसारखा लगेच दिसत नाही, रोज घ्यायचा, पंधरा दिवस धीर धरा. आणि मग, "मारता कसा ते दाखवा." मी नाकाच्या मधल्या पडद्यावरच मारत होते, मान मागे टाकून, जोरात ओढून. सगळं घशात जात होतं. तुम्ही रिकामी बाटली घेऊन दाखवलंत: मान जरा खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, म्हणजे नळीचं तोंड आपसूक बाहेरच्या बाजूला वळतं. श्वास हलकेच घ्यायचा. एवढ्याशा फरकानं औषध लागू पडलं.

आता माझं वर्षाचं वेळापत्रक तुम्हाला माहीतच आहे. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की डॉक्टरांना विचारून स्प्रे सुरू, म्हणजे तुरे फुटायच्या आत नाक तयार. गोळी पूर्वीची झोप आणणारी नाही, फेक्सोफेनाडिन, आणि ती पाण्याबरोबरच, फळांच्या रसाबरोबर नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. मिठाच्या पाण्यानं नाक धुते, पण पाणी आधी उकळून गार केलेलं. सड्यावरून आलं की डोक्यावरून अंघोळ, कपडे थेट बादलीत. गवत कापायला आता हे आणि दीर जातात, मी गोठा बघते. सासूबाईंनी हे वाटप स्वतःहून केलं, ह्याचं मला फार वाटलं.

परवा वर्गात ब्लॅकली ह्या इंग्लंडमधल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. त्याला स्वतःला हाच त्रास होता. पराग स्वतःच्या नाकात घालून, कातडीवर घासून त्यानं पाहिलं, उंच हवेतले पराग पकडायला पतंग उडवले, आणि 1873 मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा त्रास परागांचा. पतंगाचं ऐकून पोरं खूश झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर हळूच येऊन म्हणाली, "बाई, मला पण दिवाळीत असंच होतं." तिच्या आईला मी तुमच्याकडे पाठवलं आहे. त्यांनी थेंब मागितले तर त्यांनाही बाकावर बसवा.

बाटली विकली असतीत तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. माझ्या बाटल्या तुम्ही मोजत होतात, हे आठवलं की अजून गळा भरून येतो.

तोडलेल्या फांदीच्या बुंध्याला गेल्या वर्षी नवी फूट आली. तिला मोहोर यायला वेळ आहे, पण बाकीचं कलम यंदा भरलं आहे. पहिली पेटी उतरली की दोन डझन आंबे तुमच्या दुकानात घेऊन येते. पैसे काढू नका, मी घेणार नाही.

तुमची,
सड्यावरच्या शाळेतली बाई