‘का?’ विचारणाऱ्यांची कंत्राटी नोकरी

महोदय,

आरोग्यावरची बातमी म्हटली की टक्केवारी आलीच. अमुक टक्के रुग्ण औषध नियमित घेत नाहीत, तमुक टक्के फेरतपासणीला फिरकत नाहीत. पण माणसं अशी का वागतात, हे शोधण्यावर पोट असणारेही काही जण आहेत. मी त्यांतलीच एक. आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रात गुणात्मक संशोधन करते. मुलाखती घ्यायच्या, वॉर्डात नाहीतर रुग्णाच्या घरी बसून बघत राहायचं आणि जे ऐकलं-पाहिलं त्याचा अर्थ लावायचा, हे माझं काम.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. हृदय कमजोर झालेले एक वृद्ध गृहस्थ. प्रश्नावलीत त्यांच्या नावापुढे ‘औषध अनियमित’ अशी खूण. मुलाखतीत सूनबाई ‘देते की वेळेवर’ एवढंच म्हणाल्या. मी रेकॉर्डर बंद करून उठले, तशा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तपासणीला न्यायचं असलं की लघवीची गोळी मी देतच नाही. वाटेत त्यांना कुठे उतरवू?’’ म्हणजे ज्या दिवशी डॉक्टर बघणार, नेमकी त्याच दिवशी गोळी चुकलेली. रेकॉर्डर बंद असताना बोललेलं वापरू का, हे त्यांना पुन्हा विचारावं लागलं. त्याशिवाय ते माझं होत नाही. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला काहीच खर्च नव्हता. पण ‘अनियमित’ या खुणेवरून तो प्रश्न कुणाला सुचला नसता.

तासाभराची मुलाखत शब्दश: उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. आता यंत्रही टंकून देतं म्हणा, पण ‘हो’ म्हणण्याआधी माणूस किती थांबला, कुणाकडे बघून थांबला, हे ते सांगत नाही. एवढं करून अहवाल मांडायला उभं राहावं, तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘किती जणांशी बोललात?’’ पंचवीस म्हटलं की समोरच्यांच्या भुवया वर. नवं काही हाती लागेनासं होईपर्यंत बोलत राहायचं, ही आमची रीत आहे. किती टक्के, ते सर्वेक्षणाने सांगावं; का, ते आम्ही सांगू.

हा मनस्ताप माझ्या एकटीचा नाही. गुणात्मक लेखांना ‘कमी प्राधान्य’ म्हणून परत पाठवू नका, असं खुलं पत्र 2016 मध्ये 11 देशांतल्या 76 अभ्यासकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या संपादकांना लिहिलं होतं. त्याच ब्रिटनमध्ये डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी मरणासन्न रुग्णांचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकून, नोंदवून ठेवलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची आणि नात्यांचीही असते, ही त्यांची मांडणी त्यातूनच आली. त्याच मांडणीवर 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, उभी केली.

पण मानापेक्षा माझी तक्रार नोकरीबद्दल आहे. आम्हाला नेमतात ते प्रकल्पापुरतं. बहुतेकदा आकडेवारीचा आराखडा पक्का झाल्यावर, अहवालात दोन-चार बोलकी वाक्यं हवीत म्हणून. निधी संपला की करार संपला. ज्या कुटुंबांनी विश्वासाने दार उघडलं, त्यांच्याकडे पुढच्या प्रकल्पात दुसरंच कोणीतरी जातं आणि पहिल्यापासून तेच विचारतं. ती माणसं वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. इतकी वर्षं काम करूनही माझं पद ‘सहायक’च. दिवसभर मृत्यूच्या, मारहाणीच्या हकिगती ऐकून टंकणाऱ्या तरुण सहकाऱ्यांचं काय होतं, हेही कुणी विचारत नाही. मुलाखत देणाऱ्याला त्रास झाला तर काय करणार, हे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या अर्जात सविस्तर लिहावं लागतं. घेणाऱ्यासाठी, मी भरलेल्या अर्जांत तरी, एक ओळही नव्हती.

निधी देणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रश्नावली तयार होण्याआधी आम्हाला बोलवावं आणि प्रकल्प संपल्यावरही काही पदं कायम ठेवावीत. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे: पुढच्या वेळी टक्केवारी हाती आली, की ‘यातल्या किती जणांशी कुणी बसून बोललंय?’ एवढं विचारून मगच बातमी लावा.

आपली,
एक संशोधक
(सध्याचा करार संपायचा आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)