सहा मिलिमीटरची फट : कॅटॅलिटिक शेगडीच्या ‘अपग्रेड किट’बद्दल तक्रार

लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक : ९ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय : लाकडी शेगडीचं अपग्रेड किट न बसणं, वापरलेलं गॅस्केट (फट बुजवायचं अस्तर) नवं म्हणून पाठवणं आणि ‘ओलं लाकूड’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारणं.

महोदय,

स. न. वि. वि.

तुमचं मुख्य कार्यालय पुण्याला आहे, म्हणून मराठीतच लिहितो. आतापर्यंत सात वेळा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. आता सगळं एकदाच कागदावर मांडतो आहे. पत्र लांबणार आहे, पण ते अशा माणसाकडे द्या, ज्यानं ही शेगडी स्वतः उघडून पाहिली आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तुमची शेगडी घेतली. आमचा वाडा जुना, भिंती दगडी, छत उंच. पौषात इथं धुकं उतरलं की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही आणि भिंती आतून गार पडतात. माझी आई ८६ वर्षांची आहे, गुडघे आखडतात, रात्री कण्हते. पूर्वी आम्ही तिच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवत होतो. बंद खोलीत कोळसे ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या इकडे हिवाळ्यात येतच असतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. विजेचा हीटर लावला तर वाड्यातलं जुनं वायरिंग तापायचं. म्हणून चिमणी असलेली, दार घट्ट मिटणारी शेगडी घ्यायचं ठरवलं, आणि किंमत जास्त असूनही तुमची घेतली, ती केवळ आतल्या कॅटॅलिटिक तुकड्यासाठी.

मी ३१ वर्षं मालनपूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काम केलं. धूर म्हणजे न जळलेलं इंधन, हे मला ठाऊक आहे. लाकडाचा धूर एरवी पेट घ्यायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. तोच धूर पॅलेडियम-प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या चिनीमातीच्या तुकड्यातल्या, मधाच्या पोळ्यासारख्या चौकोनी छिद्रांतून गेला की २६० अंशांच्या आसपासच जळायला लागतो आणि आपली उष्णता खोलीला देतो. लाकूड कमी, धूर कमी, चिमणीत डांबर कमी. अमेरिकेनं १९८८ मध्ये लाकडी शेगड्यांच्या धुरावर देशभर मर्यादा घातली आणि मे २०२० पासून ती ठरलेल्या चाचणीत तासाला २ ग्रॅमवर आणली, हे तुमच्याच पत्रकात ठळक छापलं आहे. ते वाचूनच मी पैसे मोजले.

पहिले दोन हिवाळे शेगडी उत्तम चालली, हे मी आनंदानं लिहून देतो. आई संध्याकाळी तिच्यासमोर वाती वळत बसायची. पेटवताना बायपास (धूर तुकड्याला वगळून थेट चिमणीत सोडणारी पट्टी) उघडा, तापमापकाचा काटा २६० च्या पुढे गेला की बंद. पंधरा-वीस मिनिटांत काटा पाचशेच्या वर जायचा आणि गच्चीवरून पाहिलं तर चिमणीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसायची, धूर नाही. लाकूड टाकायला दार उघडण्याआधी बायपास उघडायचा, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, नातवालासुद्धा. प्लायवुड, रंग दिलेलं लाकूड, रंगीत कागद, कोळसा यांतलं काहीही मी आत जाऊ दिलं नाही, कारण शिसं, जस्त आणि गंधक या मुलाम्याला मारतात. महिन्यातून एकदा तुकड्यावरची राख मऊ ब्रशनं झाडत होतो; तार खुपसायची नाही आणि हवेचा झोत मारायचा नाही, हे तुमच्या पुस्तिकेतलं वाक्य मी पाळलं आहे. दार घट्ट मिटावं म्हणून त्याच्या कडेला जी दोरी असते, तिच्यात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढून पाहायचा, सहज निघून आला तर दोरी बदलायची, हेही दर दिवाळीनंतर केलं. एप्रिल २०२३ मध्ये तुकडा बाहेर काढून पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास मंद उकळला, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा उकळून दोन दिवस सुकवला. परत बसवताना शेगडीबरोबर आलेलं जास्तीचं कोरं गॅस्केट वापरलं. म्हणून कोरं गॅस्केट कसं दिसतं, हे मला नीट माहीत आहे. याचा उल्लेख पुढे येणार आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तुकड्याखालची फ्लेम शील्ड मधोमध लोंबलेली दिसली. ती साधी स्टीलची जाळी आहे, पण तिचं काम मोठं आहे : ज्वाळा थेट तुकड्यावर आपटू नये म्हणून ती असते. ती लोंबल्यावर ज्वाळा एकाच जागी लागत राहिली आणि तिथला मुलामा पापुद्र्यासारखा सुटला, खालची पांढरी माती दिसू लागली. मी त्याच दिवशी शेगडी बंद करून फोटो पाठवले आणि फक्त शील्ड मागितली. उत्तर आलं, ‘शील्ड सुटी मिळत नाही.’ महिनाभर पाठपुरावा केला. गॅस्केटही सुटं मिळत नाही, बायपासची पट्टीही नाही, असंच सांगितलं गेलं. मला सर्वांत जास्त दुखतं ते इथं. जो भाग आगीत राहणार आहे, तो कधी ना कधी जाणारच. कारखान्यात आम्ही बॉयलर घेताना आधी विचारायचो की गॅस्केटं कुठं मिळतील. शील्ड तेव्हाच मिळाली असती, तर मूळ तुकडा आजही चालू असता. दरसाल ७० दिवस, रोज सहा तास धरले तरी तीन हिवाळ्यांत तो १,२६० तास चालला, आणि पत्रकात १० ते १२ हजार तास लिहिले आहेत. त्यावर पाच वर्षांची वॉरंटीही आहे.

सप्टेंबरमध्ये तुमच्या माणसानं ‘अपग्रेड किट’ सुचवलं : चिनीमातीऐवजी स्टीलच्या पातळ पत्र्याचा तुकडा, नवी शील्ड, नवं गॅस्केट, नवा तापमापक. किंमत ३८,५०० रुपये. मी विचार करूनच होकार दिला. पत्र्याचा तुकडा लवकर तापतो, झटक्यानं तडकत नाही, हे खरं आहे. तुकड्याची मापं मी स्वतः लिहून पाठवली होती आणि त्यावर ‘ओके’ असं उत्तर आलं, ते माझ्या फोनमध्ये आहे.

२ डिसेंबरला खोकं आलं. आधी मापांचं सांगतो. तुकडा जिथं बसतो, ती चौकट आतून २७० बाय ९८ मिलिमीटर आहे. जुना तुकडा २६४ बाय ९२ होता, म्हणजे चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जागा, आणि ती गॅस्केटनं भरायची. तुम्ही पाठवलेला तुकडा २५८ बाय ८६ आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर. हिशेब केला तर मोकळी जागा ४२-४३ चौरस सेंटिमीटर होते, निम्म्या तळहाताएवढी. धुराला बारीक छिद्रांतून जायचं की उघड्या फटीतून, एवढी मोकळीक दिली तर तो फटीतूनच जाणार.

आता गॅस्केट. कोरं गॅस्केट नमद्यासारखं सपाट आणि मऊ असतं. पहिल्यांदा तापलं की फुगतं आणि फट घट्ट भरतं, आणि असं ते एकदाच फुगतं. तुमच्या खोक्यातलं गॅस्केट आधीच फुगलेलं होतं. एका कडेला तपकिरी डाग होता, घड्यांत करडी राख होती. बोट लावताच शिळ्या खारीसारखे पापुद्रे सुटले आणि सूनबाईनं पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडले. ते पापुद्रे मी कागदाच्या पुडीत जपून ठेवले आहेत. कुणीतरी वापरून परत केलेला माल तुम्ही मला नवा म्हणून विकला, असाच याचा अर्थ होतो.

१९ तारखेला तुमचा तंत्रज्ञ आला. मुलगा नम्र होता, त्याच्यावर राग नाही. पण त्याच्याकडे ना माप घ्यायला व्हर्नियर, ना गॅस्केट. त्यानं वरिष्ठांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून दाराच्या दोरीचा उरलेला तुकडा त्या फटीत कोंबला. मी म्हटलं, बायपासची पट्टी उघडली-मिटली की ही दोरी खाली पडेल. तिसऱ्या दिवशी पडलीच. काटा २१० च्या वर जाईना आणि बायपास बंद केला की आणखी खाली यायचा. चिमणीतून भुरा धूर रात्री अकरापर्यंत, समोरच्या गच्चीवरचे कपडे काळवंडले, शेजारणीनं आईला बोलून दाखवलं. ओसरीत चिमणीचा जो सांधा आहे, तिथून डांबराचा काळा ओघळ चुन्याच्या भिंतीवर हातभर खाली आला. चिमणीत साठलेलं हेच डांबर पेटलं तर वाड्याच्या लाकडी आढ्यापर्यंत आग जायला वेळ लागत नाही. २९ डिसेंबरला मी शेगडी पूर्ण बंद केली.

त्याआधी, २७ तारखेला, तुमचा अहवाल आला : ‘ग्राहकाने ओले लाकूड वापरल्यामुळे दोष, वॉरंटी लागू नाही.’ हे वाक्य मला मान्य नाही. तंत्रज्ञानं लाकडाच्या ढिगाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी बाभूळ फाल्गुनात टालीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, घेतो, लगेच फोडून घेतो आणि गच्चीवर विटांवर रचतो. इथला मे महिना ४५ अंशांचा असतो. पावसात फक्त वरून पत्रा टाकतो, बाजू उघड्या ठेवतो. तरीही मनात शंका नको, म्हणून अहवाल आल्यावर ढिगाच्या मधल्या ओंडक्यातून ५०० ग्रॅमचा तुकडा कापला, ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवला आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी तोलत राहिलो. शेवटी ४३० ग्रॅम भरला. म्हणजे शेकडा १४ पाणी. तुमची पुस्तिका २० पर्यंत चालेल म्हणते. आणि ओल्या लाकडाची वाफ तापल्या मातीच्या तुकड्यावर आली तर तो तडकतो. माझ्या जुन्या तुकड्याला एकही तडा नाही, मुलामा सुटला आहे तो ज्वाळेच्या जागी, लोंबलेल्या शील्डच्या बरोबर वर. फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

माझं मागणं सरळ आहे. २७० बाय ९८ च्या चौकटीत बसेल असा योग्य मापाचा तुकडा आणि न उघडलेल्या पाकिटातलं कोरं गॅस्केट पाठवा, आणि बसवायला मापयंत्र घेतलेला माणूस पाठवा. ते जमत नसेल तर ३८,५०० रुपये परत करा, आणि मूळ तुकडा वॉरंटीत बदलून द्या. ‘ओलं लाकूड’ हा शेरा लेखी मागे घ्या. आणि शील्ड, गॅस्केट, बायपासची पट्टी, दाराची दोरी हे भाग सुटे विकायला ठेवा, किमतीसह. हे शेवटचं मी माझ्यापुरतं मागत नाही. ज्यांनी ज्यांनी ही शेगडी घेतली आहे, त्या सगळ्यांची शील्ड एक दिवस लोंबणार आहे, आणि दोन हजारांची जाळी वेळेवर मिळाली तर त्यांचा महागडा तुकडा वाचेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथंच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथं जायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं, कारण शेगडी मुळात चांगली आहे.

सध्या आईची खाट आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हलवली आहे. ती रोज संध्याकाळी विचारते, शेगडी कधी पेटणार. तुमचा तुकडा, ते गॅस्केट आणि पापुद्र्यांची पुडी मूळ खोक्यात तशीच ठेवली आहे. येणाऱ्या माणसाला यायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा, म्हणजे मी चिमणी झाडून ठेवीन.

कळावे,

आपला ग्राहक,
लष्कर, ग्वाल्हेर

सोबत : दोन्ही बिलांच्या प्रती, मापांचा कागद, जुन्या तुकड्याचे व गॅस्केटचे फोटो, २७ डिसेंबरच्या अहवालाची प्रत.