काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानू लागले की तुम्ही हवापाण्यावर घसरता, म्हणून हे पत्र उघडपणेच लिहीत आहे.

न्यायालयाच्या विनंतीवरून मी विनामूल्य घेतलेला तो खटला तुम्हाला आठवत असेलच. तुरुंगाच्या कॉरिडॉरमध्ये पहारेकऱ्यांनी मारहाण केल्याची एका कैद्याची तक्रार होती, आणि अमेरिकेच्या १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या, आज 'कलम १९८३' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली त्याने स्वतःच हाताने लिहून फेडरल न्यायालयात दावा लावला होता. मी आले तेव्हा डिस्कव्हरी, म्हणजे खटल्याआधी एकमेकांकडून माहिती आणि कागद मिळवण्याची प्रक्रिया, पार रुतली होती. त्याने प्रतिवादींना ३१ लेखी प्रश्न पाठवले होते आणि फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३३ मधील २५ प्रश्नांच्या मर्यादेवर बोट ठेवून समोरच्यांनी हात वर केले होते. 'माझ्याविषयीचे सर्व कागद' या मागणीला 'मोघम, अवाजवी आणि सुरक्षेला बाधक' असे छापील उत्तर मिळाले होते.

मी तावातावाने, माहिती देण्यास भाग पाडावे असा नियम ३७ खालचा अर्ज लिहून तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही एवढेच विचारलेत, "त्यांच्या वकिलांशी बोललीस का?" मी बोलले नव्हते. तशी बोलणी प्रामाणिकपणे करून पाहिल्याचे अर्जात प्रमाणित करावे लागते, हे पुण्यात दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर ११ चे, म्हणजे तिथल्या डिस्कव्हरीचे, अर्ज करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि इथे अमेरिकेत येऊन पॅरालीगल (वकिलांचे सहायक) झालेल्या तुम्ही मला शिकवावे, याची खरे तर मला लाज वाटायला हवी होती.

मग तुम्ही तुमची निळी वही दिलीत. पानावर तीन रकाने होते: काय मागितले, ते काय म्हणाले, नेमके काय हवे. तिसऱ्या रकान्यात 'सर्व कागद' हे शब्द तुम्ही खोडलेत आणि त्या एका कॉरिडॉरचे अर्ध्या तासाचे चित्रण, ते कोणी पाहिले याची नोंद, घटनेचे अहवाल आणि तक्रारींचे आवक रजिस्टर एवढेच ठेवलेत. मला ही माघार वाटली होती. पहारेकऱ्यांच्या सेवा-फायलींसाठी मात्र तुम्ही १९७६ चा कॅलिफोर्नियातील कैद्यांचा 'कर' (Kerr) खटला काढून दिलात; गोपनीयतेचा दावा आला तर न्यायाधीश ती फाईल आपल्या दालनात स्वतः पाहू शकतात, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने त्यात मोकळा ठेवला आहे.

मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी चित्रण, अहवाल आणि रजिस्टर देण्याचा आदेश दिला. सेवा-फाईल त्यांनी स्वतः तपासून फक्त दोन पाने दिली, तीही माझ्या अशिलाला न दाखवण्याच्या अटीवर. ही अट मला आजही पटलेली नाही.

सर्वांत मोलाचे निघाले ते रजिस्टरच. कैद्यांच्या दाव्यांविषयीच्या १९९६ च्या कायद्यानुसार कैद्याने तुरुंगातील तक्रार-प्रक्रिया पूर्ण केलेली नसेल तर दावा तिथेच संपतो, आणि त्याची तक्रार आपल्याला मिळालीच नाही, असा प्रतिवादींचा बचाव होता. रजिस्टरमध्ये तिची आवक तारखेसह नोंदलेली होती. भेटीच्या खोलीत ते पान दाखवल्यावर माझा अशील बराच वेळ काही बोलला नाही. मग, चष्मा नसल्याने कागद दूर धरून, त्याने ती तारीख दोनदा मोठ्याने वाचली.

निळी वही अजून माझ्याकडेच आहे. पहारेकऱ्यांच्या साक्षी पुढच्या महिन्यात आहेत, त्या होईपर्यंत ती परत मागू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
तुमची धांदरट शिष्या